सांडव्याचे पांढरे पाणी

ऑगस्ट महिना उजाडला की वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास येते. कोयना धरणाचे सहाही दरवाजे उचललेले आहेत आणि सांडव्यावरून पाणी फेसाळत खाली कोसळते आहे. असे छायाचित्र हाती आले तर नुसते पाहून पान उलटू नका. पाणी दरवाजाखालून बाहेर पडते त्या जागेपासून नजर हळूहळू खाली आणा. अगदी वरच्या भागात पाणी काचेसारखे तुकतुकीत दिसते. थोडे खाली आले की त्यावर पांढऱ्या रेघा उमटतात, आणि आणखी खाली सगळेच पाणी दुधासारखे पांढरे होऊन जाते. पाणी तेच, काँक्रीटही तेच. मग मध्येच हा रंग कोठून आला?

‘फेस झाला म्हणून’ असे उत्तर तुम्ही द्याल, आणि ते बरोबरच आहे. पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे शिरले. प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठावर प्रकाश वळतो, परावर्तित होतो, पुन्हा पुढच्या बुडबुड्यावर आदळतो. सगळे रंग सारखेच विखुरले जातात, म्हणून एकूण परिणाम पांढरा दिसतो. खडीसाखर कुटली की तिचा पांढरा भुगा होतो, त्याचेही कारण हेच. पण खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. बुडबुडे पाण्यात शिरले कसे, आणि ते माथ्यापाशीच न शिरता खाली जाऊन का शिरले? हा प्रश्न पोरखेळ वाटेल, पण १९८३ साली अमेरिकेतील एका प्रचंड धरणावर याच प्रश्नाने अभियंत्यांची झोप उडवली होती. त्या हकिकतीकडे आपण येणारच आहोत. तत्पूर्वी पाण्याचे वागणे समजून घेऊ.

नदी, ओढा, कालवा, सांडवा या सर्वांतील प्रवाह उघडे असतात. नळातील पाण्याला चारी बाजूंनी भिंत असते. येथे मात्र वरच्या बाजूला हवा असते. पाणी आणि हवा यांच्यामध्ये असतो तो फक्त पाण्याचा पृष्ठभाग. हा पृष्ठभाग पृष्ठताणामुळे ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हवा आत घ्यायची तर हा पडदा फाटला पाहिजे, आणि तो फाडण्याचे काम पाण्यातील भोवरे करतात.

हे भोवरे जन्मतात तळाशी. काँक्रीटला अगदी चिकटलेला पाण्याचा थर जागचा हलत नाही. त्याच्यावरचा थर थोडा सरकतो, त्याच्यावरचा अधिक. तळाच्या घर्षणाचा परिणाम जेथपर्यंत पोचलेला असतो त्या पाण्याला सीमास्तर असे म्हणतात. जोराच्या प्रवाहात या सीमास्तरात पाण्याचे थर एकमेकांवरून शिस्तीने घसरत नाहीत. त्यांत लहानमोठे भोवरे उठतात, फुटतात, पुन्हा उठतात. सांडव्याच्या माथ्यावर हा सीमास्तर कागदासारखा पातळ असतो. पाणी खाली जाईल तसा तो जाड होत जातो, पण फार सावकाश. गुळगुळीत काँक्रीटवर १०० मीटर अंतर कापूनही त्याची जाडी मीटरभर होत नाही. सीमास्तराच्या वरचे पाणी मात्र शांत असते. ते अत्यंत वेगाने धावत असते खरे, पण त्यात खळबळ नसते. म्हणून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा दिसतो.

शेवटी एका ठिकाणी सीमास्तर पृष्ठभागापर्यंत येऊन पोचतो. आता भोवऱ्यांना वरचा पडदा थेट हादरवता येतो. भोवऱ्याचा जोर पृष्ठताणाहून अधिक झाला की पाण्याचे थेंब वर उडतात, पृष्ठभागाला चुण्या आणि खळगे पडतात, आणि उडालेले थेंब परत पडताना आपल्याबरोबर हवा ओढून नेतात. एकदा आत गेलेला बुडबुडा वर यायला धडपडतो. काही मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण पाव मीटर वर चढतो. पण भोवरे त्याला त्याहून जास्त वेगाने खाली खेचत असतील तर तो बिचारा आतच गरगरत राहतो. हवा शिरण्याची आणि निसटण्याची ही ओढाताण सारखी चालू असते. जेथे ती सुरू होते तेथेच पाणी पांढरे होऊ लागते. दरवाज्यांच्या मधल्या खांबांमागे पांढरे पट्टे जरा आधीच दिसतात, कारण तेथे खांबांनीच पाणी ढवळून ठेवलेले असते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. सांडव्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत असेल तर सीमास्तराला पृष्ठभाग लवकर सापडतो आणि पाणी लवकर पांढरे होते. पूर मोठा असेल, पाण्याची खोली दोन-तीन मीटर असेल, तर सीमास्तराला पुष्कळ लांब जावे लागते. कधीकधी सांडवा संपतो तरी तो वर पोचत नाही. म्हणजे पूर जितका मोठा तितके वरचे तुकतुकीत पाणी अधिक लांबवर टिकते.

किती हवा शिरते याची मोजणी १९२६ साली व्हिएन्नाच्या एहरेनबर्गर यांनी केली होती. पण आजही ज्या मोजणीचा आधार घेतला जातो ती अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेत स्ट्राउब आणि अँडरसन यांनी केली व १९५८ साली प्रसिद्ध केली. त्यांनी सुमारे १५ मीटर लांबीची एक पन्हळ बनवली. ती हव्या त्या कोनात उभी करता येत असे. तिच्यातून पाणी सोडून वेगवेगळ्या उतारांवर त्यात किती हवा मिसळते ते त्यांनी पाहिले. उतार साडेसात अंशांचा असताना मिश्रणाच्या आकारमानात सरासरी १६ टक्के हवा निघाली, ३० अंशांवर ४१ टक्के, ४५ अंशांवर ६२ टक्के आणि ७५ अंशांवर ७२ टक्के. म्हणजे उभ्या सांडव्यावरून जे कोसळताना दिसते त्यात पाणी कमी आणि हवाच जास्त!

हे आकडे अभियंत्याच्या रोजच्या उपयोगाचे आहेत. ३० अंशांच्या उतारावर एक मीटर खोलीचे शुद्ध पाणी हवा मिसळून सुमारे १.७ मीटर उंच होते. सांडव्याच्या बाजूच्या भिंती एक मीटरचा हिशेब धरून बांधल्या तर पाणी भिंतीवरून उसळून बाहेर पडेल आणि पायथ्याची माती उकरून काढील.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते जिवाशी गाठ असलेले आहे. धबधब्याच्या किंवा सांडव्याच्या पायथ्याच्या फेसाळ पाण्यात चांगले पोहणारेही बुडतात. आपल्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेइतकीच, फार तर किंचित कमी असते, म्हणून आपण जेमतेम तरंगतो. पाण्यात १० टक्के हवा मिसळली की त्याची घनता १० टक्क्यांनी उतरते. आर्किमिडीजचा नियम लावून पाहा: असे पाणी माणसाला वर उचलून धरू शकत नाही. हातपाय मारून पुढे सरकणेही कठीण, कारण हात फेसाला रेटणार तरी किती? वरून कोसळणारे पाणी खाली दाबते ते वेगळेच. तेव्हा असे पाणी दुरूनच पाहावे.

आता मूळ विषयाकडे येऊ. हवा आत शिरल्याने पाणी फुगते, भिंती उंच कराव्या लागतात, म्हणजे ही हवा ब्यादच म्हणायची. पुष्कळ वर्षे अभियंतेही तसेच समजत. ही ब्याद प्रत्यक्षात धरणाची रक्षणकर्ती आहे हे ध्यानात यायला काही सांडवे फुटावे लागले.

त्याचे कारण पाण्याच्या वेगात दडलेले आहे. h उंचीवरून पडलेल्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून दिले तर, २gh च्या वर्गमुळाइतका असतो. ३० मीटर उतरल्यावर तो सेकंदाला २४ मीटर होतो आणि ८२ मीटर उतरल्यावर ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. बर्नुलीच्या नियमाप्रमाणे वाहत्या पाण्याचा वेग वाढला की दाब उतरतो. हा उतार वेगाच्या वर्गांतील फरकावर अवलंबून असतो. आता अशी कल्पना करा की ४० मीटर वेगाने धावणाऱ्या पाण्याच्या वाटेत काँक्रीटचा एक लहानसा उंचवटा आला. सांधा नीट न बसल्यामुळे राहिलेली काही मिलिमीटरची पायरीसुद्धा पुरते. उंचवट्यावरून जाताना पाण्याचा वेग तेवढ्यापुरता वाढतो. समजा तो फक्त ६ टक्क्यांनी वाढून ४२.४ मीटर झाला. दोन्ही वेगांचे वर्ग काढा: १६०० आणि सुमारे १७९८. फरक १९८, त्याच्या निम्मे ९९, पाण्याच्या घनतेने, म्हणजे १००० ने गुणले की ९९,००० पास्कल. अहो, हा तर जवळजवळ अख्ख्या वातावरणाचा दाब! तेवढा दाब उतरला तर त्या जागी उरते काय? वरच्या पाण्याच्या वजनाचा थोडासा दाब, एवढेच. पायरी जरा मोठी असली, वेग आणखी थोडा वाढला, की तोही संपतो.

उघड्या भांड्यात पाणी उकळायला १०० अंश तापमान लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण डोंगरावर, जेथे हवेचा दाब कमी असतो, तेथे ते कमी तापमानावर उकळते. दाब वातावरणाच्या चाळिसाव्या भागाहूनही खाली उतरला तर २० अंशांचे थंड पाणीदेखील उकळते. उंचवट्यामागे नेमके हेच घडते. पाण्यात वाफेने भरलेल्या बारीक पोकळ्या तयार होतात. या क्रियेला अभियंते कॅव्हिटेशन म्हणतात. आपण तिला ‘पोकळ्या पडणे’ म्हणू. पोकळ्या प्रवाहाबरोबर थोड्या पुढे जातात. तेथे दाब पुन्हा वाढलेला असतो. मग वाफेचे क्षणात पाणी होते, पोकळी रिकामी पडते आणि भोवतालचे पाणी चहूकडून तिच्या मध्याकडे धाव घेते. आत हवा नसल्यामुळे त्याला अडवणारे कोणीच नसते. पाण्यावर पाणी आदळते त्या टिंबाएवढ्या जागी हजारो वातावरणांइतका दाब क्षणभर निर्माण होतो. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली याचे गणित मांडले होते. त्या वेळी प्रश्न जहाजांच्या पंख्यांचा होता, ज्यांची पाती अशाच माराने खड्डे पडून खराब होत.

काँक्रीटवर असा मार सेकंदाला असंख्य वेळा बसू लागला की त्याचे कण सुटू लागतात. एक खड्डा पडतो. मग त्या खड्ड्याची कड हाच नवा उंचवटा होतो, त्यामागे पोकळ्या पडतात आणि पुढे दुसरा, अधिक मोठा खड्डा पडतो. अशी खड्ड्यांची माळच तयार होते.

ग्लेन कॅन्यन धरणात हेच झाले. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर हे २१६ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण आहे. अरुंद दरीत सांडव्याला जागा नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंच्या वाळूच्या खडकांतून साडेबारा मीटर व्यासाचे एकेक बोगदे काढले होते. पाणी आधी तीव्र उतारावरून खाली येई आणि मग कोपरासारखे वळण घेऊन आडव्या बोगद्यातून नदीत पडे. १९८३ च्या उन्हाळ्यात डोंगरावरचा बर्फ झपाट्याने वितळला, जलाशय काठोकाठ भरला आणि बोगद्यांची दारे उघडावी लागली. जून महिन्यात डाव्या बोगद्यातून गडगडाट ऐकू येऊ लागला. बोगद्याच्या तोंडातून काँक्रीटचे आणि खडकाचे तुकडे बाहेर फेकले जाऊ लागले. आत काय चालले आहे हे उघड होते. पण पाणी थांबवावे तर जलाशय दारांवरून वाहू लागेल, आणि चालू ठेवावे तर बोगदा आणखी फाटेल. शेवटी दारांच्या माथ्यावर सव्वा मीटर उंचीच्या प्लायवूडच्या फळ्या बसवण्यात आल्या, म्हणजे जलाशय तेवढा अधिक भरू देता येईल आणि बोगद्यात कमी पाणी सोडावे लागेल. पुढे त्या काढून पोलादी फळ्या लावल्या. जुलैच्या मध्यानंतर पाणी उतरू लागले. बोगद्यात शिरून पाहता आले तेव्हा वळणापाशी काँक्रीटचे अस्तर फोडून खडकात सुमारे १० मीटर खोल खड्डा पडलेला आढळला. सुरुवात कशाने झाली असेल? काँक्रीटमधून झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेल्या चुनखडीच्या लहान पुटकुळ्यांनी!

बोगद्यातले पाणी वेगवान होते, भोवरेही होते, मग त्यात आपोआप हवा का शिरली नाही? याचे उत्तर तुमच्याजवळ आधीच आहे. पाण्याची खोली मोठी होती. पृष्ठभागी हवा शिरली तरी ती तळापर्यंत पोचायला हवी, आणि नुकसान होते ते तळाशी. पांढरेपणा वर राहिला आणि तळाला मिळाले ते कोरे, काचेसारखे पाणी.

हवा कशी वाचवते ते आता पाहू. पीटर्का नावाच्या अमेरिकन अभियंत्याने काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पोकळ्यांचा मारा करून १९५३ साली असे दाखवले की पाण्यात तळाजवळ २ टक्के हवा असली तरी झीज खूप कमी होते, आणि ७ टक्क्यांच्या आसपास हवा असेल तर ती जवळजवळ थांबते. इतकी थोडी हवा पुरते कशी? याचे एक कारण तुम्ही घरी ऐकू शकता. होय, ऐकू शकता. काचेच्या किंवा चिनी मातीच्या उंच पेल्यात गरम पाणी घ्या, त्यात चमचाभर कॉफीची पूड टाकून जोरात ढवळा आणि लगेच चमच्याने पेल्याच्या तळाशी आतून टकटक करीत राहा. सुरुवातीला आवाज खर्जातला येईल. बारीक बुडबुडे जसजसे वर येऊन नाहीसे होतील तसतसा तो चढत जाईल. पेला तोच, पाणी तेवढेच. बदलला तो पाण्यातील ध्वनीचा वेग. शुद्ध पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४०. पण पाण्यात १ टक्का हवेचे बुडबुडे असतील तर तो अवघा १०० ते १२० मीटर जातो, म्हणजे दोहोंपेक्षाही कमी! पाणी दाबले जात नाही, हवा सहज दाबली जाते. बुडबुडे मिसळले की पाण्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते पण ते गादीसारखे मऊ होते. पोकळी मिटताना उठणारा दाबाचा तडाखा या गादीत जिरतो. शिवाय पोकळीत वाफेबरोबर थोडी हवा असली तर ती मिटताना आतून अडवते, कारण वाफेचे पाणी होते, हवेचे होत नाही.

तर मग तळाशी हवा पोचवायची कशी? पंप लावून? ते न लागता एक साधी युक्ती पुरते. तळावर एक बुटका उतरता कठडा करायचा आणि त्याच्या लगेच पुढे आडवी खाच ठेवायची. वेगाने आलेले पाणी कठड्यावरून लांब उडी मारते आणि काही मीटर पुढे पुन्हा तळाला टेकते. उडीच्या खाली पोकळी राहते. उडणारी धार तिच्यातली हवा ओढून नेत असल्यामुळे तेथे दाब कमी पडतो, आणि खाचेच्या वाटेने बाहेरची हवा आपसूक आत येते. पाणी स्वतःच पंपाचे काम करते! अशी पहिली सोय १९६० साली अमेरिकेच्याच ग्रँड कूली धरणाच्या पाणी सोडण्याच्या नळांत केली होती. १९६७ मध्ये मॉन्टॅना राज्यातील यलोटेल धरणाचा बोगदा फुटला तेव्हा तेथेही अशी खाच बसवण्यात आली. ग्लेन कॅन्यनच्या दुरुस्तीत दोन्ही बोगद्यांत सव्वा मीटर रुंदीची आणि तेवढ्याच खोलीची खाच कोरली. ऑगस्ट १९८४ मध्ये मुद्दाम मोठा प्रवाह सोडून चाचणी घेतली आणि नंतर आत जाऊन काँक्रीट तपासले. त्याला इजा झालेली नव्हती.

यानंतर जगातील उंच सांडव्यांवर अशा खाचा सर्रास ठेवल्या जाऊ लागल्या. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटरच्या पुढे जाणार असेल तर अभियंता त्यांचा विचार करतोच.

एक अडचण मात्र अजूनही डोके खाते. धरण बांधण्यापूर्वी सांडव्याची लहान प्रतिकृती करून तिच्यावरून पाणी सोडून पाहतात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा प्रतिकृतींवर प्रयोग चालतात. समजा प्रतिकृती पन्नासाव्या हिश्शाची आहे. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब बरोबर ठेवायचा तर पाण्याचा वेग पन्नासच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सातपटीने कमी ठेवावा लागतो. खऱ्या सांडव्यावरचे ३५ मीटर तेथे ५ मीटर होतात. पण पाण्याचा पृष्ठताण कोण कमी करणार? तो तेवढाच राहतो. बुडबुडेही मिलिमीटरभराचेच राहतात. प्रतिकृतीच्या मापाने ते फुटबॉलएवढे नसले तरी लिंबाएवढे होतात, आणि मंदावलेल्या भोवऱ्यांना ते खाली ओढता येत नाहीत. म्हणून जेथे खरे पाणी दुधासारखे होईल तेथे प्रतिकृतीतले पाणी काचेसारखेच राहते. अशा वेळी प्रतिकृती शक्य तितकी मोठी करावी लागते, आणि प्रत्यक्ष धरणांवरच्या मोजमापांशी ताडा घ्यावा लागतो.

पुढच्या पावसाळ्यात एखाद्या धरणाच्या सांडव्याची दोन छायाचित्रे मिळवा, एक थोडे पाणी सुटले असतानाचे आणि एक पूर असतानाचे. दोन्हींत पाणी पांढरे होण्यास जेथे सुरुवात होते त्या जागेवर पेन्सिलने रेघ ओढा. रेघ कोणत्या छायाचित्रात खाली येते, आणि का, हे वर्गात सांगा.